मालास नाव, नावास पत

कसाल-मालवण मार्गावरील कट्टा ही आसपासच्या वाड्यावस्त्यांची बाजारपेठ होय. अशा बाजारात सोले, काजूगर, कुळथाचे पीठ किंवा मालवणी मसाला घेताना जाणते गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी एक प्रश्न हमखास विचारते : "कोणाच्या घरचा?" उत्तर मनाजोगते मिळाले, तर दोन पैसे अधिक देण्यास ते कुरकुरत नाही. मुंबईस जाणाऱ्या चाकरमान्याच्या गाठोड्यातही अमक्या काकींचाच मसाला आणि तमक्या वाडीतलीच सोले जातात. वस्तू सर्वत्र सारखीच दिसते. परंतु तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या नावाला वेगळी किंमत असते, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यास नवीन नाही.

अलीकडे हीच गोष्ट "पर्सनल ब्रँडिंग" या नावाने ओळखली जाते. मोबाइल व इंटरनेट यांच्या साहाय्याने स्वतःचे नाव लोकांपुढे आणून त्यावर व्यवसाय उभारणारा एक नवा उद्योजकवर्ग निर्माण झाला आहे. त्यातील काहींनी चांगली संपत्ती मिळविली, हे खरे. ते पाहून खेड्यातील तरुणांच्या मनात या व्यवसायाविषयी मोठी ओढ उत्पन्न झाली आहे, आणि त्या ओढीचा लाभ उठविणारे लोकही पुष्कळ निघाले आहेत. म्हणून हा व्यवसाय चालतो कसा, त्यात पैसा येतो कोठून आणि कट्टा परिसरातील शेतकरी कुटुंबाने त्यातून काय घ्यावे व काय टाकावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पैसा येतो कोठून?

नाव मिळविणे आणि पैसा मिळविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटरनेटवर नाव कमावलेल्या उद्योजकास मुख्यतः पाच वाटांनी उत्पन्न मिळते.

पहिली वाट जाहिरातीतील वाट्याची. यूट्यूबवर चित्रफिती दाखविणाऱ्यास सध्याच्या नियमानुसार १,००० वर्गणीदार आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेल्याची नोंद, अथवा ९० दिवसांत छोट्या चित्रफितींना १ कोटी प्रेक्षक-नोंदी, इतके पल्ले गाठल्यानंतरच जाहिरातीच्या उत्पन्नात भागीदारी मिळते. मोठ्या चित्रफितींवरील जाहिरातीच्या उत्पन्नापैकी ५५ टक्के त्याच्या वाट्यास येतात. बाकीचे कंपनी ठेवते. येथे "वर्गणीदार" म्हणजे पैसे भरणारा नव्हे, तर पुढील चित्रफिती पाहण्यासाठी नाव नोंदविणारा प्रेक्षक, हे ध्यानात घ्यावे.

दुसरी वाट दुसऱ्याच्या मालाची शिफारस करून मोबदला घेण्याची. तिसरी इतर दुकानदारांच्या व कारखानदारांच्या जाहिराती सांभाळून मेहनताना मिळविण्याची. चौथी शिकवणी घेण्याची. पाचवी आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाट म्हणजे आपल्या नावावर आपलाच माल विकण्याची.

पहिल्या दोन वाटांवर चालणाऱ्याचे उत्पन्न मुख्यतः प्रेक्षकसंख्येवर अवलंबून असते. ती मोठी असावी लागते. पाचव्या वाटेवर मात्र दोनशे विश्वासू गिऱ्हाइके मिळाली तरी एका कुटुंबाचा घरगुती माल सहज खपतो. हा भेद नीट समजून घेतला, तर पुष्कळ भ्रम आपोआप दूर होतील.

एक जुना दाखला

नाव लोकांपुढे ठेवून माल खपविण्याची कला इंटरनेटबरोबर जन्मास आली असे समजू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले काही नांगर खपावयास दोन वर्षे लागली. माल चांगला असूनही त्यामागील नावावर विश्वास बसण्यास तेवढा काळ जावा लागला. १९१० साली किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहिली. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी "किर्लोस्कर खबर" हे मासिक काढले. कारखान्याची माहिती देण्यासाठी निघालेल्या या पत्राने हळूहळू वाचकांच्या उपयोगाचा मजकूर देण्यास आरंभ केला आणि पुढे "किर्लोस्कर" या नावाने ते महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले.

यातून घेण्याजोगा धडा हा की, केवळ "माझा माल घ्या" असे ओरडत राहणाऱ्याचे कोणी फार काळ ऐकत नाही. जो लोकांना उपयुक्त ज्ञान देतो त्याचे नाव लोकांच्या लक्षात राहते, आणि गरज पडली की ते त्याच्याकडेच येतात. आजचा डिजिटल उद्योजक चित्रफितींच्या द्वारे हेच करीत असतो. साधन बदलले, रीत बदलली नाही.

आजचे दोन दाखले

मधुरा बाचल यांनी २००९ साली यूट्यूबवर पाककृती दाखविण्यास प्रारंभ केला. पुढे मराठी भाषेतील "मधुराज रेसिपी" हे नाव घरोघरी माहीत झाले आणि त्या नावाने मसालेही बाजारात आले. आधी कित्येक वर्षे शिकविणे आणि मग विकणे, असा हा क्रम आहे. पाककृती पाहून पदार्थ चांगला होतो, असा अनुभव ज्यांनी घरी घेतला, त्यांना मसाल्याची वेगळी जाहिरात करावी लागत नाही.

दुसरा दाखला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचा. इंटरनेटची काहीही माहिती नसलेल्या या आजींच्या पाककृती त्यांच्या नातवाने २०२० साली "आपली आजी" या नावाने यूट्यूबवर आणल्या. गावाकडील साधी भाषा, घरचे मसाले आणि हाताची चव यांमुळे त्या थोड्याच काळात लाखो लोकांपर्यंत पोहोचल्या. पुढे त्यांच्या मसाल्यांनाही मागणी आली. ज्ञान आजीचे आणि यंत्र हाताळण्याचे कौशल्य नातवाचे, अशी ही भागीदारी आहे. कट्टा परिसरातील कोणत्या घरात अशी भागीदारी होऊ शकणार नाही?

परंतु याच दाखल्याची दुसरी बाजूही पाहावी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात कोणा भामट्यांनी त्यांचे यूट्यूबवरील खाते बळकावले होते. ते काही दिवसांनी परत मिळाले. पण अनेक महिन्यांची मेहनत एका रात्रीत हातची जाऊ शकते, हे त्यावरून दिसून आले. घराच्या दारास जसे कुलूप, तसे खात्यास द्विस्तरीय सुरक्षा लावलीच पाहिजे. परवलीचा शब्द कोणास सांगू नये आणि अनोळखी माणसाने पाठविलेला दुवा उघडू नये.

हिशेब मांडून पाहा

आता सोलांचे उदाहरण घेऊ. पुढील आकडे बाजारभाव म्हणून नव्हेत, तर हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून तो पुन्हा करावा.

समजा, एका कुटुंबाकडे ४० किलो सोले आहेत. व्यापाऱ्यास २०० रुपये किलो दराने दिली, तर ८,००० रुपये हाती येतात. तीच सोले पाव किलोच्या १६० पुड्या करून, आपल्या नावाने, प्रत्येकी १०० रुपयांस विकली, तर १६,००० रुपये येतील. दुप्पट उत्पन्न झाले असे वाटते, पण थांबा. पिशवी व चिठ्ठी मिळून प्रत्येक पुडीस ८ रुपये धरले, तर १,२८० रुपये. प्रत्येक पुडी वेगळी पाठविल्यास टपालखर्च २५ रुपयांप्रमाणे ४,००० रुपये. खराब झालेल्या किंवा परत आलेल्या ८ पुड्यांचे ८०० रुपये. मोबाइल व इतर किरकोळ खर्च ५०० रुपये. एकूण खर्च ६,५८० रुपये. हाती राहिले ९,४२० रुपये. म्हणजे व्यापाऱ्याच्या भावापेक्षा अवघे १,४२० रुपये अधिक, आणि त्यात घरच्या माणसांची मजुरी धरलेलीच नाही.

आता समजा, ओळखीच्या गिऱ्हाइकांनी चार-चार पुड्या एकदम मागविल्या. १६० ऐवजी ४० पार्सले झाली. प्रत्येकास ६० रुपये पडले तरी टपालखर्च २,४०० रुपयांवर येतो आणि १,६०० रुपये वाचतात. अधिक लाभ ३,०२० रुपये झाला. भाव एका पैशानेही वाढविला नाही. केवळ गिऱ्हाइकाचा विश्वास वाढला, म्हणून त्याने एकदम अधिक माल घेतला. नावातून संपत्ती निर्माण होते ती अशा रीतीने. पहिल्या वर्षी ती फारशी दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तेच गिऱ्हाईक न बोलावता परत येते, शेजाऱ्यास सांगते, आणि नवे गिऱ्हाईक शोधण्याचा खर्च वाचतो. या व्यवसायाचे भांडवल म्हणजे परत येणारे गिऱ्हाईक होय.

आणि ते परत येते ते चित्रफितीमुळे नव्हे, तर मालामुळे. सोलांवर रसाची पुटे पुरेशी दिली नाहीत, ऐन वळवाच्या पावसात ती नीट न वाळवताच भरली आणि गिऱ्हाइकाच्या घरी त्यांवर बुरशी आली, तर चित्रफीत कितीही सुंदर असो, नाव बुडालेच. नाव नसलेल्या मालातील खोट व्यापाऱ्याच्या ढिगात लपते. नाव असलेल्या मालातील खोट नावासह जगभर फिरते. म्हणून नावाने विकू इच्छिणाऱ्याने प्रथम वाळवणीची व साठवणीची सोय करावी. नवीन लागवड करताना पावसापूर्वी फळे काढणीस येणाऱ्या "कोकण अमृता" यासारख्या जातीचा विचार करावा.

खंडाच्या जमिनीवरील पीक

यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक ही आपल्या मालकीची जागा नव्हे. ती खंडाने घेतलेल्या जमिनीसारखी आहे. मालकाने नियम बदलला की पीक धोक्यात येते. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा केवळ टिकटॉकवर नाव कमावलेल्या अनेकांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला. ज्यांच्याकडे आपल्या गिऱ्हाइकांची स्वतंत्र यादी होती, त्यांचा धंदा मात्र त्या यादीवर चालू राहू शकत होता.

म्हणून गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, त्याने काय घेतले, केव्हा घेतले आणि काय तक्रार केली, ही नोंद त्याच्या संमतीने एका वहीत ठेवावी. ही वही घरच्या सातबाऱ्याइतकीच जपावी, आणि तिच्यातील माहिती कोणास विकू नये. चाकरमान्यांच्या रूपाने कोकणातील प्रत्येक घरास मुंबई-पुण्यात पहिली पाच-पंचवीस गिऱ्हाइके आयतीच लाभलेली आहेत. त्यांच्यापासूनच या वहीचा आरंभ करावा.

आपले नाव आणि मुलखाचे नाव

एकट्याच्या नावाबरोबर मुलखाच्या नावाचीही पत असते. सिंधुदुर्ग व रत्नागिरी येथील कोकमास आणि वेंगुर्ल्याच्या काजूस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूस आंब्यास ते २०१८ साली मिळाले. या मानांकनाचा उपयोग करावयाचा असल्यास उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी करून घ्यावी लागते. शेजाऱ्याने केली म्हणून आपली झाली, असे होत नाही.

नाव मोठे झाले की त्याची चोरीही होते. परप्रांतातील आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, ही बागायतदारांची जुनी व्यथा आहे. तिच्यावर उपाय म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर सांकेतिक क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याची योजना आणली. क्रमांकाचा एक भाग वर दिसतो व दुसरा पट्टी काढल्यावरच दिसतो. त्यावरून गिऱ्हाइकास फळाचा खरेपणा मोबाइलवरून पडताळता येतो. बागायतदारास या पट्ट्या त्याच्याकडील झाडांच्या प्रमाणात दिल्या जातात. त्यामुळे स्वतःच्या बागेच्या उत्पन्नाहून अधिक फळे आपल्या नावाने विकण्यास आळा बसतो. व्यक्तीचे नाव आणि मुलखाचे नाव एकमेकांस कसे सांभाळतात, याचे हे उत्तम उदाहरण होय. जो उत्पादक मागणी वाढली म्हणून बाहेरचा माल घेऊन आपल्या पिशवीत भरतो, तो स्वतःबरोबर साऱ्या पंचक्रोशीचे नाव विकतो.

कायद्याची बाजू

खाद्यपदार्थ विकणाऱ्याने, मग तो घरगुती का असेना, अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना घेतला पाहिजे. पिशवीवर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तयार केल्याची तारीख आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा. आपले नाव अथवा चिन्ह व्यापारचिन्ह म्हणून नोंदविता येते. ती नोंदणी १० वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते.

मोबदला घेऊन दुसऱ्याच्या मालाची शिफारस करणाऱ्यासाठी केंद्र सरकारने ९ जून २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध व्यक्तींसाठी खुलासेवार सूचना दिल्या. पैसे, भेटवस्तू किंवा अन्य लाभ घेतला असेल, तर ही जाहिरात आहे असे शिफारशीच्याच भाषेत ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पहिल्या वेळी १० लाख व पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "आमच्या कोकमाने मधुमेह बरा होतो" अशा प्रकारची वाक्ये उत्साहाच्या भरात कोणीही बोलू नयेत.

लखपती करणाऱ्या शिकवण्या

पंधरा दिवसांत ब्रँड उभा करून लाखो रुपये मिळवून देतो, अशी आश्वासने देणाऱ्या शिकवण्यांच्या जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात. त्यांपैकी काही प्रामाणिक असतीलही. परंतु शिकविणाऱ्याची संपत्ती त्याने शिकविलेल्या धंद्यातून आली की केवळ शिकवणीच्या फीमधून, हा प्रश्न विचारल्यावाचून एक रुपयाही भरू नये. ज्याच्याकडे फीखेरीज दुसरे पीक नाही, त्याचे बियाणे घेण्यात शहाणपण नाही. फीसाठी काजूच्या हंगामाचे पैसे खर्च करणे किंवा कर्ज काढणे तर सर्वस्वी टाळावे. फसवणूक झाल्यास वेळ न घालविता १९३० या क्रमांकावर कळवावे. मालाविषयीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ हा आहे.

आरंभ कसा करावा?

१. एकच वस्तू निवडावी. सोले, मसाला, काजूगर, खाजे असे सर्व एकदम सुरू करू नये. ज्या वस्तूविषयी गावात आपले नाव आधीच चांगले आहे, तीच घ्यावी.

२. पहिला हंगाम ओळखीच्या २५ ते ५० गिऱ्हाइकांपुरताच ठेवावा. बाकीचा माल नेहमीच्या व्यापाऱ्यास द्यावा. व्यापाऱ्याशी संबंध तोडू नये.

३. आठवड्यातून एक छोटी चित्रफीत करावी. तीत खरे काम दाखवावे : फळ कसे निवडतो, रसाची पुटे कशी देतो, वाळल्याची खूण कोणती. आपल्याच बोलीत बोलावे. शहरी भाषेचा आव आणू नये.

४. पाऊस लागून माल कमी झाला, तर तसे स्पष्ट सांगावे. "यंदा माल संपला" हे वाक्य पुढील वर्षीची उत्तम जाहिरात ठरते.

५. तक्रार आल्यास वाद न घालता दुसरा माल पाठवावा, आणि तो खर्च आरंभीच हिशेबात धरावा.

६. प्रत्येक खेपेच्या मालाचा नमुना तारखेसह बाजूस ठेवावा. खोट कोठे आली हे त्यावरून कळते.

महिला बचत गटांनी एकच नाव घेऊन, मालाचा एकच दर्जा ठरवून विक्री केली, तर टपाल, पिशव्या व नोंदणी यांचा खर्च विभागला जातो. मात्र दर्जा तपासण्याचे काम गटातील दोघींवर सोपवावे आणि त्यांनी नापसंत केलेला माल, तो अध्यक्षांच्या घरचा असला तरी, पिशवीत जाऊ देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गावात काम करणाऱ्या कृषी सहायकांनी व अन्य कार्यकर्त्यांनी स्वतः कोणाच्या मालाचे जाहिरातदार होऊ नये. त्यांनी नोंदणीचे अर्ज भरण्यास साहाय्य करावे, हिशेब मांडण्यास शिकवावे, वाळवणी व साठवणीतील दोष दाखवावेत, आणि फसव्या शिकवण्यांपासून तरुणांस सावध करावे. कट्टा येथे वराडकर हायस्कूल आणि बॅरिस्टर नाथ पै सेवांगण यांसारखी स्थाने आहेत. अशा ठिकाणी हंगामापूर्वी शेतकरी, बचत गट आणि विद्यार्थी यांना एकत्र बसविता येईल. मुलांनी मोबाइल हाताळावा आणि वडीलधाऱ्यांनी मालाची पारख सांगावी. नोकरीसाठी मुंबई गाठण्याच्या विचारात असलेल्या मुलास आपल्याच घरातील वस्तूचा हिशेब एकदा मांडून पाहण्याची संधी यातून मिळेल. हिशेब जमला तर तो येथेच राहील. न जमला तरी निदान डोळसपणे जाईल.

नाव हे एक प्रकारचे कर्ज आहे. गिऱ्हाईक वस्तू पाहण्याआधी पैसे पाठविते, तेव्हा ते आपल्याला विश्वास उसना देत असते. प्रत्येक पुडीबरोबर तो फेडावा लागतो. जो वेळच्या वेळी फेडतो, त्याची पत वाढते व पुढे त्याला अधिक मिळते. जो बुडवितो, त्याला दुसरे गिऱ्हाईक शोधत फिरावे लागते. येत्या हंगामात आपल्या घरची सर्वांत चांगली वस्तू कोणती, हे ठरवून तिच्या पिशवीवर आपले नाव लिहिण्याची तयारी करावी. आणि ते लिहिण्यापूर्वी, आतील माल त्या नावास शोभेल की नाही, हे स्वतःच पारखून पाहावे.